दोन खुर्च्या

सिंगापुरात झाडांना पानं गाळायला ऋतू लागत नाही. एखाद्या झाडाच्या मनात आलं की ते मार्चमध्येही गळतं आणि नोव्हेंबरातही, आणि टाउन कौन्सिलचा झाडूवाला सकाळी ती पानं गोळा करून नेतो. तरी दरवर्षी सप्टेंबर सरत आला की टीव्हीवर लाल-पिवळी पानं भिरभिरायला लागत आणि एक बाई खर्जातल्या आवाजात सांगे की फॉल आला, नव्या मालिकांचा मोसम सुरू झाला, तयार राहा. पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये, फुल स्पीडवर फिरणाऱ्या पंख्याखाली बनियन पाठीला चिकटलेले चारुदत्तराव मेहेंदळे तयारच असत.

नावं ठेवणं हा मेहेंदळ्यांचा घरचा उद्योग होता. चारुदत्तराव एका जहाज कंपनीत अंतर्गत ऑडिटर होते. दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, हे त्यांचं काम. घरी आल्यावर ते फुकट करत. खालच्या कॉफीवाल्याची कॉफी पाणचट, तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाचा दुसरा अंक लांबलेला, शेजारच्या मिस्टर टॅननी चिनी नववर्षाला दिलेली संत्री आंबट. त्यांची बायको सुचित्रा बँकेत रिकन्सिलिएशनला होती. दोन बाजू जुळतात की नाही एवढंच दिवसभर बघायचं, आणि जुळल्या नाहीत तर कोण चुकलं ते साहेबांना सांगायचं. असा हा जोडा. पुण्याहून येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की सिंगापूरचा लाल पासपोर्टही जुना झाला होता, पण हे शहर अजून त्यांच्या पसंतीला उतरलं नव्हतं. पुणं तर त्याआधीच उतरलं नव्हतं.

या उद्योगाला छापील रूप आलं ते मंडळाच्या दिवाळी अंकामुळे. तिथली मराठी माणसं दरवर्षी हौसेने अंक काढत आणि त्यात सर्वात आधी जे पान उघडलं जाई ते ‘दोन खुर्च्या’ या सदराचं. खाली नाव: चारुदत्त आणि सुचित्रा मेहेंदळे. नव्या मोसमातल्या टीव्ही मालिकांची या पानावर दरसाल कत्तल होई. खुर्च्या खऱ्याच होत्या, वेताच्या, हौगांगच्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानातून आणलेल्या. पंख्याखालची चारुदत्तरावांची. दुसरी स्वयंपाकघराच्या दाराशी, सुचित्राची, कारण गॅसवर काही ना काही चढवलेलं असे. पंखा तिच्यापर्यंत पोचत नसे. चारुदत्तराव बोलत, सुचित्रा लिहून घेई, मग ती ते टाइप करी आणि संपादकांना ईमेल करी. दोघांचं नाव छापायची कल्पना चारुदत्तरावांचीच. दोन खुर्च्या म्हटल्यावर दोन नावं बरी दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नियम साधा होता. मालिकेचा पहिला भाग बघायचा आणि निकाल लावायचा: पास, काठावर पास किंवा नापास. दुसरा भाग बघायची भानगड नाही. शितावरून भाताची परीक्षा, ते म्हणत, सगळं पातेलं कशाला खायचं. अडचण एवढीच होती की अमेरिकेतल्या बऱ्याच मालिका सिंगापुरात यायला उशीर होई आणि अंक दिवाळीच्या आत छापून व्हावा लागे. मग उरलेल्यांचा निकाल जाहिरातींवरून लागे. म्हणजे शीतही नाही, नुसता वास. त्याने चारुदत्तरावांच्या ठामपणात काही फरक पडत नसे. आजवर एकच कार्यक्रम पास झाला होता, तो पेंग्विन पक्ष्यांवरचा, आणि तोही, चारुदत्तरावांच्या मते, पेंग्विन बोलत नव्हते म्हणून.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातमध्ये, पीक अमाप आलं होतं. एका मालिकेत एक डिटेक्टिव्ह नुसत्या वासावरून खुनी ओळखत होता. याला सर्दी कुठल्या भागात होणार तेवढं सांगा, चारुदत्तरावांनी लिहवलं, तेवढाच भाग बघू. दुसरीत एक वकील कोर्टात हरला की समुद्रावर जाऊन सेलो वाजवायचा. तो सेलो समुद्रावर नेतो कशात, वाळूतून ओढतो का, आणि त्याचं अशील या वेळी तुरुंगात काय करतं, असे प्रश्न चारुदत्तरावांना पडले. तिसरीत एका हॉस्पिटलातले सगळे डॉक्टर एकमेकांच्या प्रेमात होते आणि पेशंट कॉरिडॉरमध्ये तसेच पडले होते. नापास, नापास, नापास. हिंदी मालिका मेहेंदळे बघत नसत. त्या बघणाऱ्यांकडे मात्र बघत.

आता सुचित्राचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे.

तिलाही या मालिका तुच्छच वाटत. पण चारुदत्तरावांची तुच्छता घाऊक होती, तिची किरकोळ. ते अख्खं दुकान मोडीत काढत. ती एकेक वस्तू उचलून, उलटीपालटी करून, खाली ठेवी. या मालिकांमधून कुणी कधी भांडी घासत नाही हे तिने पाहिलं होतं. कुणाला फोन ठेवताना ‘बरं, ठेवतो’ म्हणायची पद्धत नाही. आणि सगळ्यांच्या हातातले कॉफीचे कप रिकामे असतात. कप भरलेला असला तर मनगटावर त्याचा भार दिसतो, माणूस तो जपून उचलतो, फुंकर घालतो. ही माणसं कप असे हलवतात की आत थेंब नाही हे आंधळ्यालाही कळावं.

हे कपाचं तिने एकदा चारुदत्तरावांना सांगितलं होतं. लेखाच्या शेवटाशी ते अडले की तिच्याकडे बघत आणि म्हणत, काहीतरी टोक पाहिजे. मग ती एखादं वाक्य देई. ते ‘वा’ म्हणत आणि पुढच्या मालिकेकडे वळत. रिकाम्या कपाचं वाक्य आदल्या वर्षीच्या अंकात भलतंच गाजलं. मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात लोक चारुदत्तरावांना गाठून म्हणत होते की ते कपाचं काय बारीक पकडलंत, आणि चारुदत्तराव म्हणत होते की त्याला नजर असावी लागते. सुचित्रा तेव्हा मसालेभात वाढत होती. तिला वाईट वाटलं नाही. तिला फक्त नवऱ्याची कीव आली, आणि त्या लोकांची, आणि थोडी मसालेभाताचीही, कारण तो मंडळातल्या दुसऱ्या कुणी केला होता. तुच्छतेची ही एक मोठी सोय असते. ती आतल्या आत केली की माणसाला दुसरं काही करावं लागत नाही. सुचित्रा या सोयीवर सुखाने जगत आली होती.

त्यांना एकच मुलगी, ऋता. ती शिकली सिंगापुरात, बिझनेसची पदवी घेतली, बँकेत लागली, आणि वर्षभरात बँक सोडून एका टीव्ही प्रॉडक्शन कंपनीत गेली. राहायला गेली क्लेमेंटीला, भाड्याच्या खोलीत. पासिर रिसहून एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, निघालं तर बेटाच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला. ऑफिस तिथून जवळ पडतं, असं तिने सांगितलं होतं. चारुदत्तराव लोकांना सांगत की ती मीडियात आहे, आणि विषय बदलत. ती एका प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न लिहिते एवढं त्यांना ठाऊक होतं, कारण त्यातल्या एका उत्तरातली चूक त्यांनी पकडली होती आणि कार्यक्रम संपायच्या आत तिला फोन करून सांगितली होती.

दोन हजार सातच्या गणपतीला ऋता आली आणि स्वयंपाकघरात आईशेजारी मोदकांना कळ्या पाडत बसली. तिच्या कळ्या कधीच नीट पडत नसत. बाहेर आरतीची तबकं लावता लावता चारुदत्तराव गुरुजींची चूक काढत होते. तेवढ्यात तिने हळू आवाजात सांगितलं की तिची स्वतःची मालिका येते आहे. इथलीच, इंग्रजी, विनोदी. ‘ब्लॉक फोर-वन-टू’ नाव. पहिला भाग ऑक्टोबरच्या शेवटी, गुरुवारी संध्याकाळी. सगळं तिने एकटीने लिहिलेलं.

सुचित्राने हातातला मोदक खाली ठेवला. बाबांना सांग की, ती म्हणाली.

“नको,” ऋता म्हणाली. “सांगितलं तर ते मुलीला पास करतील, नाहीतर मुलीला नापास करतील. मला मालिकेचा निकाल पाहिजे. माहीत नसताना बाबा खरं बोलतात. एकदा मला ते ऐकायचंय. प्रॉमिस कर.” मग पारी चिमटता चिमटता म्हणाली, “आणि आई, तू पण बघ हं. नीट बघ.”

सुचित्राने वचन दिलं. ऋता लहानपणापासून त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये, जमिनीवर बसून मोठी झाली होती. तिने शाळेत केलेली नाटुकली, काढलेली चित्रं, म्हटलेली गाणी, सगळ्यांचे निकाल तिथेच लागले होते. तिला या एका निकालाची काय किंमत आहे हे आईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि तरीही जे झालं ते झालं.

अंकाची तारीख जवळ आली. एका रविवारी चारुदत्तराव शेवटचं पान सांगायला बसले. जाहिरातींवरून निकाल लावायच्या मालिका उरल्या होत्या, आणि त्यांत ‘ब्लॉक फोर-वन-टू’ होती. तिची जाहिरात जेमतेम अर्ध्या मिनिटाची: लिफ्टचं दार बंद होतं, कुणाची तरी भाजीची पिशवी फाटते, बांबूवर वाळत घातलेला लेंगा वाऱ्याने उडून खालच्या माणसाच्या डोक्यावर पडतो, हशा. चारुदत्तरावांनी नाक मुरडलं. लिही, ते म्हणाले. इथल्या स्थानिक विनोदाबद्दल काय बोलावं? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. लिफ्ट, लेंगा आणि भाजी यांत हसण्यासारखं काय आहे ते ज्यांना कळलं असेल त्यांनी आम्हाला कळवावं.

सुचित्रा लिहीत होती. तिला वाटलं की थांबवावं, म्हणावं की ही राहू द्या, ही बघून मग लिहू. पण का, असं त्यांनी विचारलं असतं. आणि ऋतालाच तर माहीत नसतानाचं मत हवं होतं. एवढा विचार होतोय तोवर चारुदत्तराव अडले. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, इथे काहीतरी टोक पाहिजे.

“लेखकाला घराचा पत्ता माहीत आहे, घर माहीत नाही,” सुचित्रा म्हणाली.

वाक्य तोंडून गेलं आणि मग तिला कळलं की गेलं. वर्षानुवर्षांची सवय, कुणी टोक मागितलं की तिने ते द्यायचं. चारुदत्तराव मांडीवर थाप मारून वा म्हणाले. यंदाचं हेच वाक्य गाजणार, ते म्हणाले. तिने ते लिहिलं. स्वच्छ अक्षरात लिहिलं, टाइप केलं, आणि पाठवलंही. पाठवायचं बटण दाबताना तिने स्वतःला समजावलं की वाक्य तसं सर्वसाधारण आहे, कुणालाही लागू पडेल. पोटच्या मुलीबद्दल असं वाक्य तयार करणारी बाई स्वतःला आणखी काय समजावणार?

दोन दिवस तिने तसेच काढले. मग बँकेच्या पँट्रीतून तिने अंकाच्या संपादकांना फोन केला. हे विश्वास म्हणून एक आयटी मॅनेजर होते, मंडळाची सगळी कामं धावून करणारे. ‘दोन खुर्च्या’ वाचून ऑफिसात एकटाच हसत होतो, त्यांनी सांगितलं, आणि वहिनी, ते पत्ता आणि घराचं वाक्य तर काय आहे हो, सर म्हणजे सर. सुचित्राने विचारलं की तो परिच्छेद काढता येईल का. विश्वास जरा गोंधळले. अंक पुण्याला छापायचा होता आणि फाइल शुक्रवारी सकाळी जाणार होती, म्हणजे वेळ होता. पण सरांनी सांगितलं तर काढतो, ते म्हणाले, लेख त्यांचा आहे ना. त्याच्याखाली माझंही नाव आहे, सुचित्रा म्हणाली. ते आहेच हो, विश्वास म्हणाले, आणि मनापासून हसले.

सुचित्राने फोन ठेवला. तिला विश्वासची कीव करायची होती, नेहमीसारखी. या खेपेला ती काही केल्या येईना.

मालिका गुरुवारी संध्याकाळी होती, म्हणजे फाइल जायच्या आदल्या दिवशी. ऋता ऑफिसातून परस्पर आली. येताना तिने हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून कापलेला अननस आणला होता. सहज आले, म्हणाली. चारुदत्तरावांना बरं वाटलं. अननस तुरट आहे असं ते म्हणाले, पण खात राहिले. टीव्ही लागला. ते पंख्याखालच्या खुर्चीत, सुचित्रा दाराशी, आणि ऋता मध्ये, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या सुचित्राला मागून दिसत होत्या.

पहिलंच दृश्य बघून चारुदत्तराव खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर एचडीबीचा, म्हणजे सरकारी वसाहतीतला, एक फ्लॅट होता. त्यात मिस्टर राव नावाचा एक भारतीय म्हातारा बनियनवर वेताच्या खुर्चीत बसून टीव्ही बघत होता. कॅमेरा टीव्हीच्या जागी ठेवला होता, त्यामुळे तो थेट मेहेंदळ्यांच्या घरात बघतोय असं वाटत होतं. आणि बघता बघता तो नावं ठेवत होता. बातम्या देणाऱ्याचा टाय, हवामानवाल्याचा पाऊस, शेजाऱ्याची लिफ्ट अडवायची पद्धत, सुनेचा स्वयंपाक, देवळातला प्रसाद. त्याचं बोलणं संपत नव्हतं आणि लिफ्ट बंद पडून खाली सगळा ब्लॉक अडकला तरी तो खुर्चीतून हलत नव्हता. तिथूनच सगळ्यांना सूचना. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

चारुदत्तराव हसले. पहिल्यांदा नाकातून, मग उघड. सुचित्राने त्यांना टीव्हीपुढे असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

हा आपला प्रकाश आहे, ते म्हणाले. प्रकाश म्हणजे मंडळाचे खजिनदार. त्यांना कुणाचं काही आवडत नाही, अशी चारुदत्तरावांची त्यांच्याविरुद्ध जुनी तक्रार होती. तंतोतंत प्रकाश, ते म्हणत राहिले, तेच बोट नाचवणं, तोच आवाज. अशी माणसं असतात. ज्याने कुणी लिहिलंय त्याने प्रकाशला बघितलेलं दिसतंय.

ऋताने मागे वळून बघितलं नाही. तिचे खांदे तेवढे थोडे खाली आले.

सुचित्रा मात्र म्हाताऱ्याकडे बघत नव्हती. म्हाताऱ्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची होती, कडेला, दाराशी. त्यात त्याची बायको बसली होती, मांडीवर शेंगांची टोपली. ती शेंगा सोलत होती आणि अधूनमधून ‘हं’ म्हणत होती. बाकी काही नाही. म्हातारा तिच्याकडे बघून काही विचारी, ती ‘हं’ म्हणे, प्रेक्षक हसत. सुचित्राला ती बाई बघताक्षणीच आवडली नाही. बावळट, तिने मनात निकाल दिला. तोंडात काय मिठाची गुळणी धरली आहे? मग त्या बाईने शेजारच्या स्टुलावरचा चहाचा कप उचलला. जपून उचलला, दोन बोटं कडेला धरून. मनगट जरा वाकलं. तिने फुंकर घातली आणि एक घोट घेतला.

कप भरलेला होता.

सगळ्या पडद्यावर तेवढा एकच कप खरा होता. तो कुणी भरायला लावला असेल, आणि का, हे सुचित्राला तिथल्या तिथे कळलं. ती बाई कप ओठाशी धरून सरळ समोर बघत होती, म्हणजे तिच्याकडे.

जाहिराती आल्या, गेल्या, दुसरा अर्धा भाग झाला. ती बाई त्यातही बोलली नाही. शेवटी लिफ्ट दुरुस्त झाली, लोक वर आले, म्हाताऱ्याने त्यांना उशीर झाल्याबद्दल झापलं, संपलं. चारुदत्तरावांनी पाठ टेकली. काठावर पास, ते म्हणाले. म्हातारा जमलाय, मान्य करायला हवं. पण ती बाई कशाला ठेवलीय? तिच्या जागी खुर्चीवर एक उशी ठेवली असती तरी काही बिघडलं नसतं.

पडद्यावर नावं सरकत होती. लेखन, ऋता मेहेंदळे. चारुदत्तरावांनी चष्मा वर केला, खाली केला. मग ऋताकडे बघितलं.

ते गडबडले. हे आधी सांगायचं ना, म्हणाले. मग काठावर म्हणजे तसं काठावर नव्हे, एकूण बघता फर्स्ट क्लासच म्हणायला हवं, असं काहीतरी सुरू झालं. ऋताने त्यांना थांबवलं. काठावर इज गुड लाह, बाबा, ती सिंगापुरी हेल काढून हसत म्हणाली, मला तेच हवं होतं. तिचे डोळे भरले होते आणि ती आनंदात होती. मिस्टर राव कोण हे तिने त्यांना सांगितलं नाही, आणि चारुदत्तरावांना ते पुढेही कधी कळलं नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे तर दिवाच अंधारात होता.

मग ती वळली. “आई, तुझं काय मत?”

“हं,” सुचित्रा म्हणाली.

कुणी हसलं नाही. सुचित्राला आपलाच आवाज ऐकू आला, आणि तो पडद्यावरच्या त्या बाईचा होता. एकाएकी तिला भयंकर संताप आला. मुलीचा नाही, नवऱ्याचाही नाही. इतकी वर्षं ती स्वतःला त्या खोलीतली सगळ्यात शहाणी समजत आली होती, आणि समोरून बघणाऱ्याला तिथे काय दिसत होतं, तर शेंगा सोलणारी उशी.

“तिला एकही वाक्य का दिलं नाहीस?” तिने विचारलं.

ऋता जमिनीकडे बघत राहिली. “दिलं होतं. कितीतरी वेळा लिहिलं. सगळ्यात चांगली वाक्यं तिचीच होती, आई. पण ती बोलायला लागली की सीन खोटा वाटायचा. ती मोठ्याने असं बोलेल, असं मलाच खरं वाटेना.”

सुचित्राने मान हलवली. आणि मग सांगून टाकलं. दिवाळी अंकात तुझ्या मालिकेबद्दल लिहून गेलंय, न बघता, जाहिरातीवरून. त्यात एक वाक्य आहे. लेखकाला घराचा पत्ता माहीत आहे, घर माहीत नाही. ते वाक्य बाबांचं नाही. ते मी दिलं. तुझी मालिका आहे हे माहीत असताना दिलं.

ऋताचा चेहरा उतरला. तिने ते वाक्य हळूहळू स्वतःशी म्हणून बघितलं. “चांगलं आहे,” ती म्हणाली. “वाक्य म्हणून चांगलं आहे.” आणि तळव्याने डोळे पुसले.

चारुदत्तराव उठायला लागले. अगं, त्यात काय एवढं, ते म्हणाले, विश्वासला आत्ता सांगतो, मी सांगितलं की काढून टाकेल. घरचा फोन त्यांच्याच खुर्चीशेजारी होता. त्यांनी रिसीव्हर उचलायच्या आत सुचित्रा येऊन उभी राहिली. मी बोलते, जरा सरका, ती म्हणाली. ते सरकले, आणि ती पंख्याखाली बसली. वारा चांगला लागत होता. इतक्या वर्षांत हेही तिला माहीत नव्हतं.

विश्वास फोनवर आले. त्या परिच्छेदाचं बोलतेय, सुचित्राने सांगितलं. काढायचा नाही, बदलायचा आहे. विश्वास म्हणाले की सरांना जरा फोन देता का. सर इथेच उभे आहेत, ती म्हणाली, ऐकतायत. तुम्ही लिहून घ्या.

“या लेखिकेला घर पक्कं माहीत आहे,” ती सावकाश सांगू लागली. “त्यातली आई तेवढी तिने कधी बोलताना ऐकलेली नाही. तो दोष लेखिकेचा नाही.”

पलीकडे विश्वास लिहीत होते. त्यांनी विचारलं की निकाल काय टाकू, काठावर पास का? सुचित्राने ऋताकडे बघितलं. ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून आईकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी, पण तेव्हा या खुर्चीत नेहमी चारुदत्तराव असायचे.

“एका शितावरून नाही सांगता यायचं,” सुचित्रा म्हणाली. “सगळा भात खाऊन सांगते.”

बरं, विश्वास म्हणाले. मग जरा अडखळत त्यांनी विचारलं की या मजकुराखाली नाव नेहमीप्रमाणे दोघांचंच ना.

“नाही,” सुचित्रा म्हणाली. “माझं एकटीचं.”